डबा पारोळ्यात, सर्व्हर जळगावात

"अरे मग जुना डबा लाव ना परत! लाव म्हणतो ना!"

ओरडत होते आमच्या संघाचे चेअरमन, नाना. नाना जळगावात ओरडले की भुसावळला गार्ड दचकून हिरवी झेंडी दाखवायचा, असा आवाज. भर दुपारचा दीड वाजलेला. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत एसी घरघरतोय, आणि तरी माझा शर्ट असा भिजलेला की पिळला असता तर एक झाड जगलं असतं.

"नाना, जुना स्विच इथे नाही."

"मग कुठे आहे?"

"धुळ्याच्या शाखेत पाठवला. सकाळीच... जीपमध्ये."

नाना गप्प बसले, हीच त्या दिवशीची पहिली अमानवीय घटना. पुढची ऐका.

पण आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. नव्हतो, नाही, आणि हे लिहून झाल्यावरही राहणार नाही. फिजिक्सचा पदवीधर आहे मी. आमच्या गल्लीत दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांशी मी इतकं भांडलोय की लोक मला बघून लिंबू खिशात लपवायचे. या सदरात पिंपळाखालची बाई, घाटातला पांढऱ्या कपड्यातला माणूस, मागच्या सीटवर कोणीच नसताना वाजलेली घंटी... सगळं वाचतो, चहा पीत हसतो. माझ्या गोष्टीत बाई नाही, घाट नाही, अंधारसुद्धा नाही. वैशाखातलं ऊन आहे, तेही जळगावचं, ज्यात भूत बाहेर पडलं तर त्यालाच उष्माघात होईल. म्हणून तर मला संताप येतो! भुताखेतांच्या नियमात बसत नाही आणि विज्ञानाच्याही नाही, मग ठेवायचं कुठे हे प्रकरण? माझ्याच डोक्यावर?

तर सगळं नीट सांगतो.

नव्वदच्या दशकाचं शेपूट चाललेलं. केळी उत्पादकांचा एक संघ होता, नाव विचारू नका, त्यात मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. विभागात माणसं दोन. मी, आणि दाराशी बसणारा शिपाई कौतिक. कौतिक साठीकडे झुकलेला, पारोळ्याकडचा. आधी बावीस वर्षं गावी एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार म्हणून होता, म्हणजे सालाच्या बोलीवर राहणारा गडी. मग इकडे आला. बोलायचा कमी, आणि बोलला की ऐकणाऱ्याला आपणच मूर्ख असल्यासारखं वाटायचं.

आमचं मशीन मात्र अख्ख्या खान्देशात एकच. नाना कुठेतरी मोठ्या कंपनीत पाहुणे म्हणून गेले, तिथे त्यांनी ते पाहिलं आणि हट्टच धरला. सर्व्हरच्या पोटात डिस्कच नाही! सगळ्या डिस्क कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात. सर्व्हर एकीकडे, कपाट दुसरीकडे, आणि मध्ये एक चपटा डबा. तोच स्विच. नारिंगी रंगाच्या शेवयांसारख्या बारीक केबली दोन्हीकडून त्या डब्यात येऊन मिळायच्या. सर्व्हर चालू केला की तो आंधळ्यासारखा त्या डब्यातून चाचपडत कपाटाकडे जायचा, तिथून स्वतःचं सगळं शहाणपण उचलून आणायचा, आणि मग उठून बसायचा. डबा नाही तर सर्व्हर म्हणजे नुसता पत्रा.

त्या डब्याने चार वर्षं काम केलं. एक दिवस खाडा नाही. लाइट जाऊ दे, उंदीर शिरू दे, एकदा नानांच्या नातवाने वर रसवंतीचा ग्लास उपडा केला, तरी डबा आपला हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला.

मग आलं वाय-टू-के. आठवतं ना? दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर वेडे होणार, विमानं पडणार, लिफ्ट वरच्या मजल्याच्याही वर निघून जाणार! स्विच विकणाऱ्या कंपनीने कळवलं की तुमच्या डब्याला दोन हजार सालाचं सर्टिफिकेट नाही. मी सांगितलं, नाना, त्या डब्याला तारीखच कळत नाही, तो नुसता इकडचं तिकडे देतो. पण नानांना सर्टिफिकेट हवं होतं. फ्रेम करून भिंतीला लावायला.

नवा स्विच आला. बदलायचा कधी? ऑफिस बंद असेल त्या दिवशी. आणि खान्देशात ऑफिस, दुकान, शेत, सगळं हमखास बंद असण्याचा दिवस कोणता? आखाजी. अक्षय तृतीया म्हणा तुम्ही. आमच्याकडे त्या दिवशी सासरच्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी पुरणपोळी आणि आमरस. काम करणारा माणूस त्या दिवशी वेडा समजला जातो. मी म्हटलं, उत्तम! सकाळी नऊला सुरू, दहाला खतम. नानांना तसं लिहून दिलं. सही करून दिलं... मूर्ख मी.

कारण रेल्वेला आखाजी नसते. त्याच दिवशी सावद्याला केळीचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागला होता, दिल्लीकडे जाणारा. संध्याकाळी सहाला सुटणार म्हणजे सुटणार. कोणाचे घड कोणत्या वॅगनमध्ये चढायचे, ती यादी आमच्या मशीनमधून निघायची. हमालांच्या टोळ्यांना भरायला तीन तास लागतात, म्हणजे यादी तीन वाजेपर्यंत पोचायलाच हवी. शेतकऱ्यांनी घड पहाटेच कापलेले. कापलेलं केळं परत झाडाला लागत नाही, आणि वैशाखातल्या फलाटावर ते एका दिवसात पिकून काळं पडतं. तुम्ही म्हणाल हाताने यादी करा. अहो, मागण्या सगळ्या कपाटातल्या डिस्कवर! कागद कधीच बंद झाले होते. नानांनीच भाषण ठोकून बंद केले होते, टाळ्या पडल्या होत्या.

सकाळी नऊला मी जुना डबा काढला. दिवे विझले. डबा एका गोणपाटात घातला आणि धुळ्याला निघालेल्या जीपमध्ये स्टेशनरीच्या गठ्ठ्यांशेजारी टाकायला सांगितला. धुळ्याच्या शाखेत भंगाराची खोली होती. कौतिक गोणपाट उचलता उचलता थांबला.

"साहेब, आज आखाजी शे."

"माहीत आहे. म्हणून तर बदलतोय."

"गडी बदलाना दिन शे," कौतिक म्हणाला. "पन जुना गडीले जेवाडीसन काढतस, साहेब. टावेल-टोपी देतस. असा पोत्यामां घालीसन नही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं. त्या दिवशी जुना गडी जातो, नवा येतो. चांगल्या घरात जाणाऱ्या गड्याला पाटावर बसवून जेवू घालतात, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि मग निरोप. कौतिकला तो लोखंडी डबा गडी वाटत होता!

मी इतका हसलो की... खोटं कशाला सांगू, कौतिकच्या तोंडावर हसलो. "कौतिक, याला पोट नाही, डोकं नाही. टोपी कुठे घालू? भोकांवर?"

कौतिक गोणपाट उचलून जीपमध्ये ठेवून आला. जरा जास्तच हळू ठेवलं, असं आता वाटतं.

नवा स्विच लावला. केबली खोचल्या. दिवे लागले, चारही हिरवेगार, मांडवातल्या माळेसारखे. सर्व्हरचं बटण दाबलं. त्याने मेमरी मोजली, घसा साफ केला, आणि पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ: बूट करण्यासाठी डिस्क सापडली नाही.

परत दाबलं. सापडली नाही.

केबली अदलाबदल केल्या. सापडली नाही. आधी कपाट, मग स्विच, मग सर्व्हर, या क्रमाने चालू केलं, मधे दहा-दहा मिनिटं थांबलो. नाही! पुण्याला कंपनीच्या जोशी इंजिनिअरना फोन लावला. तेही बिचारे सुट्टीच्या दिवशी फोनला बांधलेले. जोशी म्हणाले, "सर, एकदा रिस्टार्ट करून बघा."

मंडळी, त्या वाक्यासाठी त्या माणसाला पगार मिळायचा.

मग जोशींनी जरा अक्कल वापरली, हे मान्य करतो. म्हणाले, सर्व्हरमध्ये जे कार्ड आहे ना, ज्याला ती नारिंगी केबल लागते, त्याला जुन्या स्विचचा नंबर पाठ आहे. प्रत्येक स्विचला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो. जगात दोन स्विचचा एक नंबर नसतो, जसा दोन माणसांचा अंगठा एक नसतो. आता कार्ड जुन्याला हाका मारतंय आणि नव्याला ओळखत नाहीये. कार्डच्या सेटिंगमध्ये जा, जुना नंबर पुसा, नवा घाला.

पटलं मला. शास्त्र आहे हे! गेलो सेटिंगमध्ये. जुना नंबर होताच तिथे, शेवट सात-एफ-शून्य-नऊ. माझ्या भिंतीवर चिठ्ठीही चिकटवलेली होती त्याची, चार वर्षं रोज डोळ्यांसमोर. पुसला. नवा घातला, शेवट सी-एक-चार-दोन. सेव्ह केलं. बंद केलं, चालू केलं.

सापडली नाही.

परत सेटिंगमध्ये गेलो तर तिथे सात-एफ-शून्य-नऊ! पुसलेला नंबर परत आलेला. पुन्हा पुसला. पुन्हा आला. सात वेळा पुसला, सात वेळा आला. मोडलेलं लग्न परत जुळावं तसा. जोशी म्हणाले, "सर, तुमच्याकडून सेव्ह होत नाहीये." मी! माझ्याकडून! एक बटण दाबता येत नाही मला!

सावद्याहून दर पंधरा मिनिटांनी फोन. "साहेब, यादी?" फलाटावर घडांचे ढीग लागले होते. तिथला आमचा माणूस म्हणाला, घड इतके तापलेत की हमाल त्यावर बिडी पेटवतायत. त्याने वाढवून सांगितलं असेल. मी तरी तसंच सांगतोय.

आणि मग दीड वाजता नाना आले, आणि ते ओरडणं झालं जे सुरुवातीला सांगितलं.

नाना शांततेतून बाहेर आले ते असे: "जीप कुठे असेल?"

"आज आखाजी," मी म्हणालो. "ड्रायव्हर पंडित पारोळ्याचा. तो घरी जेवल्याशिवाय पुढे जाणार नाही."

पंडितच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणावाल्याचा पीपी नंबर होता. नानांच्या केबिनमधला फोन मशीनच्या खोलीत ओढून आणला, त्याला स्पीकर होता. किराणावाल्याने पंडितच्या आईला, अक्कांना, बोलावून आणलं. पंडित शेजारीच होता. जीप दारात उभी, अर्धी पोळी पोटात.

"पंडित, तो डबा घेऊन परत फीर!" नाना ओरडले. फोनची गरजच नव्हती खरंतर.

"येतो नाना, पन एरंडोलला पूल अडेल शे, ट्रक आडवा शे. तीन तास तरी..."

नाना खाली बसले. तीन तास म्हणजे पाच. पाचला डबा येणार, साडेपाचला यादी, सहाला रेक सुटणार रिकामा. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिलेला कागद त्यांच्या खिशात होता. "दहाला खतम" लिहिलेला. त्यांनी तो बाहेर काढला नाही, नुसती बोटं खिशावर ठेवली. फलाटावर चारशे शेतकऱ्यांची केळी, आणि माझी नोकरी त्या केळीवर.

तेवढ्यात कौतिक दारातून आत आला. कोणी बोलावलं नव्हतं. नानांच्या समोर आतापर्यंत कधी एक शब्द बोलला नव्हता तो. सरळ फोनकडे गेला आणि वाकून म्हणाला:

"अक्का, मी कौतिक बोली ऱ्हायनू. आमरस उरेल शे का?"

"शे ना. कसाले?"

"जीपमां एक पोतं शे. त्यामां एक लोखंडना डबा शे. त्याले भाईर काढ. पाटवर बठाड. जेवाले वाढ."

"कोनले?" अक्का म्हणाल्या.

"गडीले. चार साल काम करेल शे त्यानी. आज त्यानं साल भरनं."

मी उडालो! "कौतिक, काय चाललंय हे? नाना, सांगा याला! शेतकऱ्यांची केळी काळी पडतायत आणि हा तिथे डब्याला आमरस वाढतोय!"

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू पाच तास बटणं दाबतोयस. त्याला दोन मिनिटं दे."

पाच तास बटणं! फिजिक्सचा पदवीधर! मंडळी, माझ्या आयुष्यात इतका अपमान नंतर एकदाच झाला, आणि तोही याच प्रकरणात, त्याचं पुढे सांगतो.

स्पीकरमधून पाट सरकवल्याचा आवाज आला. मग अक्कांचा प्रश्न:

"याना तोंड कोनीकडे शे?"

कौतिकने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तोंड कोनती बाजू?"

मी काय सांगणार होतो? दात ओठ खात म्हणालो, "दिवे आहेत ती."

"दिवावाली बाजू अक्का. आनि नाव..." पुन्हा माझ्याकडे बघून, "साहेब, नाव?"

"नाव नसतं त्याला! नंबर असतो! सात-एफ-शून्य-नऊ!" मी भिंतीवरची चिठ्ठी फाडून त्याच्या हातात कोंबली. "आणि त्यात आमरस सांडू नका म्हणावं! आत सर्किट आहे!"

"सातेफ," कौतिक फोनमध्ये म्हणाला.

आम्ही तिघं त्या फोनभोवती उभे. सर्व्हरचा पडदा समोर, माझ्याच हाताने उघडी ठेवलेली सेटिंगची स्क्रीन. त्यात कार्ड स्वतःहून डिस्क शोधत राहतं आणि किती सापडल्या तो आकडा दाखवतं. शून्य. शून्य. शून्य. हात कोणी लावत नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. माझे दोन्ही हात कमरेवर होते, रागाने.

अक्कांचा आवाज आला, लेकराला झोपवताना येतो तसा. "जेव रे सातेफ भो. चार साल खपना तू. कोनी इचारं नही तुले. आते तू मोकया शे. राग धरू नको."

आणि मागून पंडित ओरडला, "अक्का! दिवा लागना त्याना! अक्का, हिरवा दिवा!"

मी ओरडलो, "शक्यच नाही! पॉवर कॉर्ड इथे आहे माझ्याकडे!" होतीच. ड्रॉवरमध्ये, मी सकाळी गुंडाळून ठेवलेली. पारोळ्यात त्या डब्याला वायरच नव्हती. पाटावर बसलेला डबा, समोर ताट, बाजूला पाण्याचा तांब्या, आणि भोवती वीज नावालाही नाही.

मी मागे वळलो तेव्हा पडद्यावर शून्य नव्हतं. चौदा होतं. आमच्या कपाटात डिस्क चौदाच.

सर्व्हर स्वतः उठला. बटण कोणी दाबलं नाही. ओळी पळायला लागल्या, एकामागे एक, चार वर्षं रोज सकाळी पळायच्या तशाच. त्यातली एक ओळ असते, कोणत्या स्विचमधून डिस्क मिळाली ते सांगणारी. मी ती वाचली. नानांनी वाचली, नाना नंबर वाचायला शिकले होते कारण त्यांना सर्टिफिकेटवर नव्या डब्याचा नंबर छापून हवा होता. ती ओळ म्हणत होती: सात-एफ-शून्य-नऊ.

खोलीत जोडलेला स्विच सी-एक-चार-दोन. सात-एफ-शून्य-नऊ पारोळ्यात पुरणपोळीसमोर. पंचावन्न किलोमीटर. आणि सर्व्हर सांगतोय की मी त्यातून उठलो.

नानांनी नुसतं म्हटलं, "यादी काढ."

यादी काढली. प्रिंटर किरकिरला. फॅक्स सावद्याला गेला तेव्हा तीनला पाच कमी होते. टोळ्यांनी असे घड फेकले वॅगनमध्ये, असे फेकले की... जाऊ द्या, इथे मी वाढवणार नाही. रेक सहाऐवजी सहा दहाला सुटला, भरलेला. संध्याकाळी सर्व्हर पुन्हा बंद-चालू करून मी तीच ओळ बघितली. तिथे सी-एक-चार-दोन. जणू काही झालंच नाही! सेटिंगमध्येही सी-एक-चार-दोन, आणि या वेळी पुसल्यावर पुसलं जात होतं.

चार दिवसांनी जोशी स्वतः पुण्याहून आले. पंडितने आणून दिलेला जुना डबा त्यांनी उघडला. पॉवर कॉर्ड लावून तपासला. ठणठणीत होता. आत एक थेंबही आमरसाचा नाही, अक्का नीटनेटक्या. मी सगळं सांगितलं. नानांनी सांगितलं. जोशी ऐकत होते, मान हलवत होते, मग म्हणाले, "विझलेल्या सर्किटमध्ये थोडी वीज शिल्लक राहते, सर. दिवा त्यामुळे लागला असेल."

"पाच तासांनी?"

"कधीकधी राहते."

"आणि तो नंबर?"

जोशींनी बॅग भरली आणि रिपोर्टवर दोन शब्द लिहिले. युजर एरर. वापरणाऱ्याची चूक! खाली माझं नाव! हाच तो दुसरा अपमान. मी तो रिपोर्ट अजून जपून ठेवलाय, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी जोशींच्या ओळखीचं असेल तर त्यांना सांगा, मला अजून उत्तर हवंय!

मी गप्प बसणारा नाही. पुढच्या दोन रविवारी नानांची परवानगी काढून सगळं पुन्हा केलं. कार्डमध्ये मुद्दाम जुना नंबर घातला. जुना डबा टेबलावर ठेवला, न जोडता. डिस्क शून्य. वीस वेळा, शून्य. मग, हो, हेही सांगतो, लपवत नाही... घरून पुरणपोळी आणली, डब्यासमोर ठेवली, दिव्याची बाजू माझ्याकडे करून. शून्य! टोपी घातली त्याला. शून्य! बायकोने विचारलं पोळी कुठे गेली, मी म्हणालो प्रयोगशाळेत.

कंपनीच्या वरच्या लोकांना पत्रं लिहिली. एका कॉलेजातल्या प्राध्यापकाला ओळ वाचून दाखवली, तो म्हणाला, "छापलेला पुरावा आहे?" अहो, यादी छापायची होती! त्या वेळी बूटच्या ओळी कोण छापत बसणार, आणि पडदा सरकला की ती ओळ गेली. तीन माणसांनी पाहिली, त्यातला एक चेअरमन, एक शिपाई आणि एक मी. न्यायालय असतं तर फाशी झाली असती कोणालातरी. पण विज्ञानाला तीन माणसं पुरत नाहीत. मलाही पुरली नसती, हेच तर माझं दुखणं आहे! दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मीच पहिला हसलो असतो. वीस वर्षं उलटून गेली, आजही स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर लिहा. "शिल्लक वीज" लिहिणार असाल तर लिहू नका, शिल्लक विजेचं माझ्यासमोर नाव काढायचं नाही.

कौतिकला मात्र मी विचारलं होतं. एका दुपारी, चहाच्या टपरीवर, मी चहा पाजत होतो, जे मी त्याआधी कधी केलं नव्हतं. म्हणालो, "कौतिक, खरं सांग. तुला कसं कळलं, त्याला काय हवंय ते? तो काही बोलला का? गोणपाट उचलताना काही जाणवलं का? देव अंगात आला का? काहीतरी असेल ना!"

कौतिकने बशीतला चहा फुंकला, प्यायला, बशी खाली ठेवली.

"नही साहेब," तो म्हणाला. "माले बावीस सालनंतर कोनी 'जेवीसन जाय' म्हनेल नव्हतं."